यादीतली चौथी ओळ

रंगारीबाई कुठलाही कागद हातात घेतला की आधी विचारायच्या, "आज मी कोण?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. हेगच्या ऑफिसात माझा पहिला दिवस होता. पहिली टाळेबंदी नुकतीच सैल झालेली, ऑफिसात आम्ही मोजून चार माणसं आणि प्रत्येकाच्या टेबलाभोवती जमिनीवर पिवळी पट्टी. पलीकडच्या टेबलापाशी एक ठेंगण्या बाई उभ्यानं एक कागद मोठ्यांदा वाचत होत्या. सुती साडी, तिच्यावर सेकंडहँडच्या दुकानातून घेतलेला पुरुषी मापाचा कोट, पायात पळायचे बूट. वाचता वाचता थांबल्या, मास्कमुळे धुरकटलेला चष्मा पुसला आणि स्वतःशीच मराठीत म्हणाल्या, "आज मी कोण? आज मी बोटीवरचा आचारी. बरं. या वाक्यानं मी आत येऊन राहिलो का बाहेर?"

मी पुण्याची. परदेशात मराठी कानावर पडलं की आम्ही आधी हरखतो आणि लगेच ते कुठलं मराठी याचा निकाल लावतो. मी मनात म्हटलं, नागपूर. पुढे जाऊन ओळख करून दिली, तर बाईंनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, "पुण्याची? मग चुका काढायला चांगली आहेस. बस."

आमची कंपनी लहान. दोन सरकारं वाटाघाटीला बसली की दोघांपैकी कुणाचाच नसलेला एक तिसरा लागतो. कोण काय म्हणालं, कुठला शब्द खोडला, कुठला घातला हे नोंदवायचं, आणि शेवटी ठरलेला मजकूर दोघांना वाचून दाखवायचा. याला सचिवालय म्हणायचं. नाव भारदस्त, प्रत्यक्षात आम्ही चौघं आणि एक कॉफीचं यंत्र. बाई मजकूर सांभाळायच्या, मी तक्ते आणि मांडणी. त्याआधी मी आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांची माहितीपुस्तकं लिहीत होते. नवऱ्याची नोकरी बदलली, आम्ही हार्लेमला आलो आणि मला हे काम मिळालं. एक बोल्ट कसा आवळायचा ते चार ओळींत सांगता येतं, म्हणून राजकारणातलंही कळेल अशी त्यांची समजूत झाली असावी.

आमच्याकडे तेव्हा एका बेटाचं प्रकरण होतं. नाव लिहीत नाही. तसं सही करून दिलंय. दूरच्या समुद्रातलं एवढंसं बेट, अजूनही एका युरोपी देशाच्या झेंड्याखाली. वसाहतींचा जमाना संपला असं आपण शाळेत शिकलो, पण बेटाला ते कुणी कळवलेलं नव्हतं. तिथल्या माणसाला पासपोर्ट मिळायचा तो मोठ्या देशाचा नव्हे, 'त्या देशाच्या ताब्यातल्या प्रदेशाचा'. तो घेऊन युरोपात यायचं तर व्हिसा हवा. व्हिसाची कचेरी बेटावर नाही, म्हणून विमानानं दुसऱ्या देशात जायचं. आणि त्या दुसऱ्या देशात उतरायलाही व्हिसा. हा सगळा जाच काढून टाकायचा आणि बेटावरच्या लोकांना युरोपात बिनव्हिशाचं येऊ द्यायचं, यावर बोलणी चालू होती. महामारीमुळे सगळी पडद्यावर. युरोपाकडचे प्रमुख एका उंच खुर्चीत, मागे पुस्तकांचं कपाट. बेटाकडच्या प्रमुख एक निवृत्त शिक्षिका, मागे खिडकी आणि अधूनमधून ओरडणारा कोंबडा.

बाईंनी या करारासाठी माणसं तयार केली होती. कुठल्या पासपोर्टावर व्हिसा लागणार नाही याची एक यादी कराराला जोडायची होती. त्या यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी बाईंच्या वहीत एक माणूस होता, नावानिशी, वयानिशी. पहिल्या ओळीतली नर्स, जिची बहीण बेल्जियमला बाळंत होणार आहे. दुसरीतला बोटीवरचा आचारी. चौथीतली नारळ सोलणारी म्हातारी, जिचा नातू नायमेखनला शिकायला आहे. मसुद्याची नवी प्रत आली की बाई एकेकाचं सोंग घ्यायच्या आणि पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत त्या माणसाच्या पायांनी चालायच्या. अडखळल्या की लाल पेन्सिल.

"बाई, हे सगळं खोटं आहे ना पण?" मी एकदा म्हटलं.

"माणसं खोटी आहेत. काउंटर खरा आहे," बाई म्हणाल्या. "कागद काउंटरच्या अलीकडून वाचायचा असतो, मेघना. लिहिणारे सगळे पलीकडून लिहितात."

ही वाचायची खोड फक्त ऑफिसापुरती नव्हती. लस घ्यायला आम्ही दोघी एकाच दिवशी गेलो. दारावरच्या मुलानं दोन पानी फॉर्म दिला आणि खाली बोट दाखवून म्हणाला, इथे सही. बाईंनी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. डच भाषा, त्यात धुरकट चष्मा. मागे रांग साचली. मुलगा अदबीनं म्हणाला, मॅडम, सगळे नुसती सही करतात. बाई त्यांच्या डचमध्ये म्हणाल्या, "सगळे करू देत. माझं आठव्या प्रश्नापर्यंत झालंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात आमच्या मागच्या आजोबांनी स्वतःचा फॉर्म उलटून वाचायला घेतला, मग त्यांच्या बायकोनं. एका गोळीच्या नावापाशी ती थबकली, कारण ती गोळी आजोबा रोज घ्यायचे आणि त्यांनी बिनधास्त 'नाही'वर खूण केली होती. बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. सही करून पुढे निघाल्या.

बाईही हार्लेमच्याच. सायकल त्या शेहेचाळिसाव्या वर्षी शिकल्या होत्या आणि प्रत्येक चौकात उतरून, ती हातात धरून रस्ता ओलांडायच्या. आगगाडीच्या गर्दीतून जायला नको म्हणून मी त्यांना माझ्या मोटारीतून हेगला न्यायचे. संसर्ग होऊ नये म्हणून चारी खिडक्या उघड्या. जानेवारीतसुद्धा! बाई कानटोपी घालून मागच्या सीटवर बसायच्या आणि वाऱ्याच्या वर आवाज काढून बोलायच्या. त्यामुळे बाईंच्या आयुष्यातलं जे काही मला कळलं ते सगळं ओरडूनच सांगितलेलं आहे.

एप्रिलात बाबासाहेबांची जयंती आली. एरवी इथली बौद्ध मराठी कुटुंबं एखादं सभागृह घेऊन साजरी करतात. त्या वर्षी लॅपटॉपवर. बाईंनी मलाही लिंक पाठवली. पांढरीशुभ्र साडी नेसून बाई वंदना म्हणत होत्या आणि चौकोनाचौकोनांतून आयटीतली माणसं, संशोधनातली माणसं त्यांच्या मागे म्हणत होती. शेवटी एका आईनं मुलीला पुढे ढकललं. मुलीनं डचमध्ये विचारलं, "आजी, बाबासाहेबांनी काय केलं?"

बाई मराठीत म्हणाल्या, "त्यांनी लिहिलं. आणि लिहिताना कोण बाहेर राहून राहिलं, ते पाहिलं."

मुलीला मराठी समजत होतं. ती डचमध्येच म्हणाली, "ओके," आणि पळाली. बाई खूश झाल्या.

त्यांच्या दादाची गोष्ट मी गाडीतच ऐकली. दादा हुशार, केंद्र सरकारच्या नोकरीची परीक्षा पास झालेला. दाखल्यावर वडिलांनी अभिमानानं 'बौद्ध' लिहून घेतलं होतं. त्या काळी केंद्राच्या सवलतींच्या यादीत बौद्ध नव्हते. खिडकीवरचा माणूस म्हणाला, तुमची जागा या यादीत नाही. वडील म्हणाले, आम्ही तीच माणसं, त्याच वस्तीतली, शेजारच्या घराला मिळते ती सवलत आम्हाला काहून नाही? तो म्हणाला, माणसं तीच असतील, ओळ नाही. पुढे कायदा बदलला, यादीत ओळ आली. तोवर दादाचं वय निघून गेलं होतं.

"मग दादांनी काय केलं?" मी आरशात बघत ओरडून विचारलं.

"सायकलचं दुकान टाकलं," बाई ओरडल्या. "चांगलं चाललं. पण रस्त्यानं पोस्टमन जाऊन राहिला की तो आत जायचा."



आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते, आणि त्यात माझी लाज झाकत नाही.

बेटावर दोन प्रकारचे पासपोर्ट होते. वरचं कव्हर तेच, देणारी कचेरी तीच, क्रमांकाची पद्धत तीच. फरक आतल्या एका शेऱ्याचा. मूळच्या बेटकरांच्या पासपोर्टात 'बेटाचा मूळ रहिवासी' असं लिहिलेलं. आणि ज्यांच्या पणजोबांना नारळाच्या बागांत राबायला दुसऱ्या देशांतून जहाजात भरून आणलं होतं, त्यांच्या पासपोर्टात 'नोंदणीकृत रहिवासी'. चार पिढ्या तिथेच जन्मल्या, तिथेच मेल्या, तरी नोंदणीकृतच. यादीत पहिल्यांची तिसरी ओळ होती, दुसऱ्यांची चौथी. ही चौथी ओळ मिळवायला बेटाच्या शिक्षिकाबाईंनी तीन बैठका खर्ची घातल्या होत्या. शेवटी उंच खुर्चीतले प्रमुख 'हो' म्हणाले होते.

अंतिम प्रत तयार करताना तक्ता पानात मावेना. शेऱ्याचा रकाना पुढच्या पानावर गेला. माझ्यासमोर तिसरी आणि चौथी ओळ आली ती अक्षर न अक्षर सारखी. यंत्रांच्या पुस्तकांत आम्हाला पहिला धडा हा होता, की एक पायरी दोनदा लिहिली तर माणूस बोल्ट दोनदा आवळतो आणि आटे जातात. पुनरुक्ती दिसली की हात आपोआप चालायचा. मी चौथी ओळ काढून टाकली, पुढचे क्रमांक नीट केले आणि तक्ता एका पानात बसला म्हणून स्वतःवर खूश झाले. मजकूर बाईंनी आधीच तपासलेला होता, म्हणून प्रत तशीच दोन्ही बाजूंना गेली. घरी बसून, पोरांच्या ऑनलाइन शाळेच्या गलक्यात दोघांनी ती पाहिली आणि 'मान्य' असं कळवलं.

सहीच्या आधीच्या रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. रंगारीबाई दीड मीटर लांब उभ्या, सायकल भिंतीला टेकवलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद.

"मेघना, माझी म्हातारी आत जाऊन नाही राहिली."

मला क्षणभर कळेना. मग त्यांनी यादीवर बोट ठेवलं.

"मी काढली, बाई. मला वाटलं, एकच ओळ दोनदा आलीये."

बाईंनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडणं सोड. डोळे पूस आणि सातव्या बैठकीची नोंद काढ."

आमचे साहेब मार्टाइन. त्यांना तिथूनच फोन लावला. माणूस वाईट नव्हता, पण धंदा म्हटला की सगळे सारखेच. ते म्हणाले, दोन्ही बाजूंनी लेखी मान्यता दिली आहे. आता आपणच चूक उकरली तर कंपनीला पुन्हा काम कोण देईल? युरोपाकडच्यांना ती ओळ मुळात नकोच होती, ते सगळा मसुदा पुन्हा उघडतील आणि बेटाच्या हातचं तेही जाईल. आत्ता सह्या होऊ द्या, ओळ नंतर पत्रानं घालू.

बाईंनी फोन माझ्या खिडकीच्या चौकटीवर ठेवला होता. त्या वाकून इंग्रजीत म्हणाल्या, "मार्टाइन, नंतर म्हणजे किती वर्षांनी?"

 मार्टाइन म्हणाले, "तुमचा करार पुढच्या तिमाहीत संपतोय, हे लक्षात आहे ना?" बाईंचा इथे राहायचा परवानाही त्याच नोकरीवर होता. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"लक्षात आहे," बाई म्हणाल्या.

सोमवारी शेवटचं वाचन होतं. मी बाईंना गाडीत सांगितलं, माझं नाव घ्या, चूक माझी आहे. वाऱ्यात त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटून पुन्हा सांगितलं. तर म्हणाल्या, "ऐकू आलं पहिल्यांदाच. गाडी चालव."

पडद्यावर वीस-बावीस चेहरे होते. बाई उभ्या राहिल्या. बसून वाचलं तरी चाललं असतं, कॅमेऱ्यात काहीच फरक दिसत नव्हता. पण वाचन त्या उभ्यानंच करायच्या. वाचायच्या आधी म्हणाल्या, "तुम्ही मान्य केलेला मजकूर आणि तुम्ही ठरवलेला मजकूर एक नाही. जोडयादीतली एक ओळ गळली आहे. चूक सचिवालयाची आहे. मजकुराची प्रमुख मी आहे."

बेटाच्या शिक्षिकाबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनीही ती प्रत पाहून मान्य केली होती. आपल्या माणसांची ओळ आपल्याच डोळ्यांदेखत गेली, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. उंच खुर्चीतले प्रमुख पुढे झुकले. म्हणाले, "माझ्याकडच्या सगळ्या देशांच्या सरकारांनी याच मजकुराला होकार दिला आहे. यादीत काय असावं हे सचिवालयानं सांगायचं असतं का?"

"नाही सर," बाई म्हणाल्या. "काय असावं हे मी सांगत नाही. काय ठरलं ते सांगते." आणि त्यांनी सातव्या बैठकीची नोंद वाचली. कोण किती वाजता काय म्हणालं. शिक्षिकाबाईंचा प्रश्न, मध्ये आरवलेला कोंबडा, आणि प्रमुखांचं उत्तर: हो, दोन्ही शेरे. बाईंनी कोंबडासुद्धा नोंदवला होता! एरवी हसू फुटलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही, कारण त्या कोंबड्यामुळे प्रत्येकाला ती दुपार आठवली.

प्रमुखांनी वीस मिनिटं मागितली. त्या वीस मिनिटांत मी दोनदा कॉफी आणली आणि दोन्ही वेळा ती तशीच गार झाली. बाई वही उघडून बसल्या होत्या. मार्टाइन काचेपलीकडे फेऱ्या मारत होते. मनात येत होतं, हे लोक आता सगळा मसुदा उघडणार, नर्स गेली, आचारी गेला, आणि हे सगळं माझ्या एका पान वाचवण्यापायी.

प्रमुख परत आले. म्हणाले, "मी 'हो' म्हणालो होतो. ओळ परत घाला." मग कोरडेपणानं म्हणाले, "आणि मॅडम, पुढच्या वेळी आपले तक्ते तपासत चला."

"येस सर," बाई म्हणाल्या.

माझं तोंड लालबुंद झालं होतं. माणसाला दुसऱ्याचा अभिमान वाटताना स्वतःची इतकी शरम वाटू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. बाईंनी मग पहिल्या कलमापासून वाचायला घेतलं, एक शब्द न गाळता. चौथी ओळ त्यांनी बाकीच्या ओळींच्याच आवाजात वाचली. तिकडे शिक्षिकाबाईंनी मात्र कॅमेरा बंद केला. थोड्या वेळानं चालू केला तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते.

बाईंचा करार पुढे वाढला नाही. काम कमी झालंय, असं मार्टाइन म्हणाले. खरं-खोटं देव जाणे. दुसरी नोकरी शोधायची मुदत होती, पण त्या दिवसांत कोण घेतंय? बाईंनी नागपूरचं तिकीट काढलं. तक्रारीचा एक शब्द नाही. माझ्यावर कधी उपकार दाखवले नाहीत, की त्या रविवारचा विषय काढला नाही. मीच अजून काढते, ज्याला त्याला सांगत सुटते, की अशा बाईबरोबर मी काम केलंय.

त्या निघायच्या आदल्या आठवड्यात करार लागू झाला होता. प्रवासावरचे निर्बंधही तेव्हा बरेच उठले होते. बाई म्हणाल्या, "बेटावरून येणारं बिनव्हिशाचं पहिलं विमान आज आहे. स्किपोल विमानतळावर चल. कागदावर झालं ते काउंटरवर झालं का, बघू दे."

आम्ही मास्क लावून बाहेर येणाऱ्यांच्या दारापाशी उभ्या राहिलो. माझ्या मनात एक नाटकी बेत होता. बेटाचं कुणी दिसलं की पुढे व्हायचं आणि सांगायचं, तुमच्यासाठी ही बाई उभी राहिली होती. बाईंना ते वासानंच कळलं असावं. माझा दंड धरून म्हणाल्या, "काही बोलायचं नाही. सचिवालय आहे आपण."

दार उघडलं आणि बेटाचे गडद हिरवे पासपोर्ट हातात घेऊन माणसं यायला लागली. एक तरुण जोडपं. तीन मुलींना घेऊन एक बाप. हॅट घातलेला एक म्हातारा. कडेवर बाळ, गळ्यात पिशव्या, थकलेले, हसणारे, कुणाला तरी शोधणारे चेहरे. कुणी थांबवलेलं दिसत नव्हतं, कुणी मागे राहिलेलं दिसत नव्हतं. एकापाठोपाठ एक, सगळे त्याच दारातून.

मी वाकून वाकून बघत होते. न राहवून विचारलं, "बाई, यातले चौथ्या ओळीतले कोणते?"

बाईंनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. मास्कच्या वर त्यांचे डोळे भरून आले होते.

"ओळखू येऊन राहिले का तुला?"

"नाही."

"मग झालं न."

तेवढ्यात एक म्हातारी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. नातवंडाचा पत्ता लिहिलेला कागद तिनं बाईंपुढे धरला आणि हातानंच विचारलं, आगगाडी कुठे? बाईंनी कागद घेतला, नीट वाचला, आणि तिची बॅग स्वतःकडे ओढून घेत मला म्हणाल्या, "तू गाडी काढ, मी हिला फलाटापर्यंत सोडून येते." आणि त्या दोघी गर्दीतून जिन्याकडे निघाल्या, एकमेकींची भाषा येत नसताना बोलत.